१७ नंबर

फुटबॉलचा सामना बघताना माझी नजर सारखी मैदानाच्या कडेला जाते. तिथे राखीव खेळाडू बसलेले असतात. गोल झाला की उड्या मारत सगळ्यांत आधी धावतात ते हेच. त्यांचा आनंद खोटा नसतो, पण निर्भेळही नसावा. आपण नसतानाही सगळं किती छान चाललंय, हे पाहणं सोपं नाही.

या बाबतीत कोरियन फुटबॉलपटू युन जंग-ह्वानचा हात धरणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण कोरिया घरच्या मैदानांवर थेट उपांत्य फेरीत पोचला. पोलंड आणि पोर्तुगाल हरले, मग इटली, मग पेनल्टींवर स्पेन. त्या संघात १७ नंबरची जर्सी युनची होती. कोरिया सात सामने खेळला, युन एक मिनिटही नाही. इटलीविरुद्ध जादा वेळेत गोल मारून देशाला वेड लावणारा आन जंग-ह्वान हा त्याचा नावबंधू. म्हणजे सगळा देश ज्या जंग-ह्वानला डोक्यावर घेऊन नाचला, तो दुसराच! तिसऱ्या क्रमांकासाठी तुर्कस्तानशी झालेली लढत तशी मानापुरतीच. निदान तिथे तरी याला पाच मिनिटं द्यायची, पण नाही.

बरं, हा खेळाडू काही भरतीचा नव्हता. मधल्या फळीत उभा राहून, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून चेंडू सरकवणारा हा कलाकार. कोरियन लोक त्याला लाडानं 'क्कवेदोरी' म्हणायचे, म्हणजे डोकेबाज पोरगा. १९९० मध्ये कॅमेरूनला वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत नेणारे रशियन कोच नेपोम्न्याश्ची पुढे कोरियात आले, आणि त्यांच्या छोट्या छोट्या पासांच्या खेळाचा कणा युन होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कोरियानं घानाला १-० हरवलं, तो गोलही त्याचाच. २००० मध्ये तो जपानला, सेरेझो ओसाकाकडे गेला. पण २००२ च्या संघाचे डच कोच गुस हिडिंक यांना हवे होते नव्वद मिनिटं धावणारे, चेंडू गेला की तो परत मिळवायला तुटून पडणारे लोक. नाजूक पास देणाऱ्या किरकोळ अंगाच्या माणसाला त्या धावपळीत जागा कुठली?

हा माणूस कोच झाल्यावर काय करेल? माझा अंदाज साधा होता: कलाकारांना जपेल, सुंदर फुटबॉल खेळवेल.

साफ चुकीचा अंदाज! सासुरवास सोसलेली सून स्वतः सासू झाली की काय करते, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. युननं आपल्या खेळाडूंना पळव पळव पळवलं. हंगामाआधीच्या शिबिरात दिवसातून तीन-तीन वेळा सराव. ही गोष्ट तोसूची, जपानच्या क्यूशू बेटावरच्या एका छोट्या गावाची. रेल्वे स्टेशनला खेटून स्टेडियम आणि सागान तोसू नावाचा क्लब, जो १९९९ पासून दुसऱ्या श्रेणीतच रुतून बसलेला. युन खेळाडू म्हणून निवृत्त झाला तो इथेच, आणि २०११ मध्ये मुख्य कोच झाला तोही इथेच. त्याच वर्षी क्लब पहिल्यांदा वरच्या श्रेणीत गेला आणि २०१२ मध्ये तिथे पाचवा आला. खेळ कसा? लांब चेंडू फेका, पुढे उंचापुऱ्या योहेई तोयोदाला डोकं लावू द्या, आणि बाकीच्यांनी जीव तोडून धावा. खेळाडू युननं हे पाहून कपाळावर हात मारला असता. ऑगस्ट २०१४ मध्ये हा चिमुकला क्लब जपानच्या लीगमध्ये सगळ्यांत वर असताना क्लबनं आणि त्यानं फारकत घेतली. अशा फारकतींची खरी कारणं बाहेर येत नसतात.

मग कोरियातल्या उल्सान क्लबमध्ये दोन हंगाम गेले, प्रेक्षकांना त्याचा खेळ रुक्ष वाटला. नंतर थायलंडमध्ये थोडे महिने, जपानच्या चिबामध्ये तीन वर्षं. तिथलं सोडून देऊ. मधलं २०१७ मात्र सोडण्यासारखं नाही. जुन्या ओसाकात परतून त्यानं सेरेझोला लीग कप जिंकून दिला, ती क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. मग १ जानेवारी २०१८ ला एम्परर्स कप ही जपानची मानाची स्पर्धाही. त्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल केला काझुया यामामुरानं. हा मूळचा मागे खेळणारा गडी, युननं त्याला उचलून पुढे नेलेला.

माणसाला आपल्या जागेवरून उठवून भलतीकडे बसवायची त्याची ही खोड मला फार आवडते. जून २०२३ मध्ये त्यानं गांगवॉन हा कोरियन क्लब हाती घेतला, तेव्हा तो तळाशी धडपडत होता. श्रेणी टिकवण्यासाठीचा प्लेऑफ खेळून कसाबसा तगला. पुढच्याच वर्षी तोच क्लब लीगमध्ये दुसरा, इतिहासातली सर्वोत्तम कामगिरी. तिथे त्यानं ह्वांग मून-गी या मधल्या फळीतल्या खेळाडूला उजव्या बाजूचा बचावपटू केलं आणि तो राष्ट्रीय संघात गेला. यांग मिन-ह्योक या शाळकरी पोराला हंगामभर खेळवलं, त्यानं १२ गोल केले आणि इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबची वाट धरली. युन वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला. आणि मग कराराची बोलणी फिसकटली! तो इंचनला गेला. हा क्लब नुकताच पहिल्यांदा खालच्या श्रेणीत घसरला होता. २०२५ मध्ये त्यानं त्यांना ती श्रेणी जिंकून पुन्हा वर आणलं.

आता माझा एक रिकामटेकडा प्रश्न. कोच युननं खेळाडू युनला संघात घेतलं असतं का?

हिडिंकसारखं सात सामने बाकावर बसवून ठेवलं नसतं, एवढी मला खात्री वाटते. घेतलं असतं. आधी दिवसातून तीनदा पळवून पळवून त्याची हाडं खिळखिळी केली असती, आणि मग त्या कलाकाराला म्हणाला असता, आजपासून तू राइट बॅक.