तुम्ही विचारलंत म्हणून: कायदा दिल्लीचा, मीटर कुणाचं?

यवतमाळकडे गावी गेलो की पारावर कोणीतरी विचारतंच, "कायदा तं दिल्लीत होते ना, मंग तू एआयच्या मानकांचे कागदं कायले वाचत बसतं?" शहरातले मित्रही तेच विचारतात, फक्त प्रमाण मराठीत.

कापूस विकलेल्या माणसाला हे सांगणं सोपं जातं. हमीभावाच्या खरेदीत ग्रेडर गाडीजवळ येतो, कापसात हात घालून ओलाव्याचं मीटर खुपसतो, आकडा वाचतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर गाडी परत. भाव सरकारनं जाहीर केलेला, पण पदरात काय पडणार ते मीटर सांगतं. १९२३ साली अमेरिकेनं आपल्या कापसाच्या प्रतींचे नमुने युरोपातल्या व्यापारी संघटनांच्या गळी उतरवले आणि त्यांना नाव दिलं 'युनिव्हर्सल'. कापूस अमेरिकेचा, नाव विश्वाचं!

एआयचंही तेच चाललंय. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला. जास्त जोखमीची प्रणाली अचूक हवी, असं त्यात आहे. अचूकपणा मोजायचा कसा, हे मात्र सेन आणि सेनेलेक या युरोपातल्या मानकसंस्थांकडे सोपवलंय. जगासाठी आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांची एससी ४२ ही एआयची समिती २०१७ पासून आहे, सचिवालय अमेरिकेकडे. चीनही तिथे हिरिरीनं उतरलाय. मत प्रत्येक देशाला एकच. पण मताआधी मसुदा येतो, आणि तो लिहितात वर्षानुवर्षं बैठकांना बसू शकणारे, म्हणजे बहुतेकदा मोठ्या कंपन्यांचे पगारी लोक. शिवाय आपले तांत्रिक नियम आंतरराष्ट्रीय मानकांच्या आधारे करा, असं जागतिक व्यापार संघटनेचा करार सांगतो. मग दिल्लीच्या हातात उरतं किती?

मागच्या खरिपात काकांनी एका शेतीसल्ल्याच्या ॲपला विचारलं, "पऱ्हाटीले बोंडअळी लागली, काय फवारू?" पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. स्क्रीनवर उमटलं, 'पराठीला'. खाली कणीक मळण्याची कृती. चाचणीतले आवाज सगळे पुण्याचे असतील, तर हेच ॲप कागदोपत्री अचूक ठरेल. मसुद्यात मी ती एक ओळ शोधत असतो: चाचणीला नमुने कुठले घ्यायचे?

भारतीय मानक ब्यूरो मसुदे सूचनांसाठी खुले करतं. माझी सूचना लिहून होत आलीय. शब्द काका पुरवताहेत: पऱ्हाटी, डवरा, वखर, सरकी. फवारणी त्यांनी केव्हाच उरकली, कृषी केंद्रवाल्याला विचारून.