मिरजेच्या भंगारातला खिडक्यांचा नळा : ओळख कुठवर आली

वस्तू अशी. पातळ भिंतीचा लोखंडी नळा, दोन्ही तोंडं उघडी. वरच्या अंगाला समोरासमोर दोन आडव्या, लांबट खिडक्या. खालच्या काठाला एकाच बाजूला कान, आणि कानात आरपार भोक. मिरजेच्या भंगारात पंपांच्या जुन्या लायनरांबरोबर (लायनर म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायचा नळा) किलोवर मिळाला. नाव नाही, वाचता येईल असा नंबरही नाही.

आपल्याकडे असा नळा दिसला की पहिला अंदाज लायनरचाच निघतो. एका अंगाला किर्लोस्करवाडी, दुसऱ्या अंगाला साताऱ्याचं कूपर, आणि मधल्या शिवारात जुन्या डिझेल इंजिनांची रेलचेल. दुसरं काय सुचणार? पण लायनरला ब्लॉकवर टेकायला वर कॉलर असते, इथे ती नाही. टू-स्ट्रोकच्या लायनरला खिडक्या असतात खऱ्या, पण पिस्टन खाली आल्यावर उघडायच्या म्हणून त्या खालच्या भागात असतात. इथे त्या वर आहेत. आणि सगळ्यांत बोलका आहे तो कान. लायनर ब्लॉकमध्ये गच्च बसतो, त्याला पिनेचं भोक हवंय कशाला? भोक आहे त्या अर्थी हा नळा इंजिन चालू असताना वर-खाली होत होता.

म्हणजे हा स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनाचा स्लीव्ह. अमेरिकेच्या चार्ल्स येल नाइटच्या रचनेत नेहमीचे व्हॉल्व्ह नसतातच. प्रत्येक सिलिंडरमध्ये एकात एक असे दोन स्लीव्ह, आतल्यात पिस्टन. क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकत्यांचा दांडा, छोट्या कनेक्टिंग रॉडनी दोघांना साधारण इंचभर वर-खाली करतो. दोन्ही स्लीव्हच्या खिडक्या ब्लॉकमधल्या वाटेसमोर जुळल्या की इनटेक किंवा एक्झॉस्ट उघडतो. स्फोटाच्या वेळी आतल्या स्लीव्हच्या खिडक्या वर सरकून हेडच्या रुंद रिंगेआड जातात. टॅपेटची, म्हणजे नेहमीचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या खुंट्यांची, खडखड नाही म्हणून त्या काळी या गाड्यांचं अप्रूप होतं; तेल पिणं आणि मागे निळा धूर सोडणं ही त्याची किंमत.

नाइट नसलेला एक भिडू आधीच बाद करता येतो. स्कॉटलंडच्या आर्गाइलने एकच स्लीव्ह वापरला. तो वर-खाली होतो तसा थोडा गोलही फिरतो, म्हणून त्याला गोळीचा सांधा लागतो. आपल्या कानात सरळ पिनेचं भोक आहे.

साफसफाई

गंज असताना घेतलेलं माप फुकट. पॉलिश पेपर आणि ग्राइंडर मात्र लांब ठेवा, कारण घासल्याच्या खुणा हाच इथे पुरावा आहे. आधी रॉकेलात दोन दिवस, मग पितळी ब्रश. उरलेला गंज विजेने : प्लास्टिकच्या बादलीत लिटरला १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, २-३ अँपिअर. निगेटिव्ह नळ्याला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाला. उलट जोडलंत तर नळाच झिजतो. हे काम ‘समोरासमोर’ चालतं, म्हणून बाहेरून पत्र्याचं वेटोळं आणि नळ्याच्या मधोमध एक सळई, कुठेही न टेकता. पॉझिटिव्हला स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा बादली उघड्यावर, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमट्यांना हात नको. बाहेर काढल्यावर गरम पाण्याने धुऊन लगेच कोरडा करून तेल. मिनिटांत पुन्हा तांबूस पडतो.

बादलीत टाकण्याआधी एक गोष्ट. आत-बाहेर कुठे पांढरा मऊ धातू, म्हणजे व्हाइट मेटल, आहे का ते नखाने पाहा. असेल तर विजेचा उपाय नको. इथे नव्हता.

तडा तपासायला नळा दोरीला टांगून लाकडाने हलकेच टकटक केली. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, भद्द म्हणजे तडा. शिवाय कानाच्या मुळाशी आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत रॉकेल लावून पुसलं आणि वर खडूची पूड. तडा असता तर रॉकेल झिरपून ओली रेघ उमटली असती. हे स्लीव्ह तेल पोचलं नाही की जाम होतात आणि ओढ सगळी कानावर येते, म्हणून मोडतात ते कानापाशीच. हा शाबूत आहे.

आतला की बाहेरचा?

बोअर मापण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण इंजिनाचा बोअर म्हणजे आतल्या स्लीव्हचा आतला व्यास. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ इथेच असतं. बाहेरच्या स्लीव्हच्या आतून दुसरा स्लीव्ह घासतो, म्हणून चकाकी सगळीकडे जवळपास सारखी. आतल्यात पिस्टनच्या रिंगांचा लांब चकचकीत पट्टा दिसतो आणि त्याखाली मूळ मशीनिंगच्या रेघा तशाच राहतात. आपल्या नळ्यात तो पट्टा स्पष्ट आहे, खिडक्यांभोवती हेडच्या रिंगेची घासण आहे, आणि बाहेरची बाजूही घासलेली आहे. म्हणजे आतला. पट्ट्याच्या लांबीवरून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, काढायचा मोह होतो, तो टाळावा : पिस्टनबरोबर स्लीव्हही हलतो, त्यामुळे पट्टा स्ट्रोकपेक्षा लांब पडतो.

मापं

व्हर्निअरचे आतले जबडे गोलाईत थोडं कमी दाखवतात. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घ्या, किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत बोअर गेज असलेल्या कुणाकडेही पाच मिनिटांचं काम आहे. पट्ट्याखाली, न झिजलेल्या जागी, काटकोनात दोन मापं : ७४.६५ आणि ७४.६६ मिमी. पट्ट्याच्या मध्यावर ७४.८३ आणि ७४.७८, म्हणजे झीज पाच ते सात थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि किंचित लंबगोल. ग्राह्य पहिलं.

७४.६१ मिमी म्हणजे बरोबर २ १५/१६ इंच, फिटरच्या भाषेत तीन इंचाला अर्धा सूत कमी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलिस-नाइट या नाइट इंजिनाच्या गाडीच्या सहा सिलिंडरच्या ‘मॉडेल ७०’चा बोअर हाच, स्ट्रोक ४ ३/८ इंच. ‘मॉडेल ६६’ सव्वातीन इंचाचं, म्हणजे ८२.५५, चार सिलिंडरवाली तीन इंच पाच सूत, म्हणजे ९२.०८. बेल्जियमच्या मिनर्वाची मोठी सहा सिलिंडर इंजिनं ९० आणि ९५ मिमीची. ही सगळी लांब राहतात.

सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थानं आसपास असल्यावर प्रत्येक भंगाराला राजेसाहेबांची डेमलर, म्हणजे नाइटचंच इंजिन वापरणारी इंग्लंडची आलिशान गाडी, चिकटतेच. इथेही सूचना आली, म्हणून आकडे मांडतो. डेमलरच्या २५/८५ आणि पहिल्या डबल-सिक्सचा बोअर ८१.५ मिमी. आता आपल्या नळ्याची भिंत एक सूत धरून, त्याच्यावर बसणाऱ्या बाहेरच्या स्लीव्हचा आतला व्यासच कुणी बोअर समजला, तर २ १५/१६ अधिक पाव इंच म्हणजे ८०.९६. ‘झिजून ८१.५ झाला असेल’ म्हणायला वाव मिळतो तो असा! धातू मात्र फसत नाही. १९२० च्या दशकात डेमलरने पोलादी स्लीव्ह घेतले, बाहेरच्याला व्हाइट मेटलचं अस्तर. लोहचुंबक दोन्हीला चिकटतो, त्याचा उपयोग नाही. खालच्या काठावर आतून कानस एकदा फिरवा : पोलादाचे चमकते कीस निघतात, बिडाची काळपट भुकटी. आपल्याकडे भुकटीच निघाली.

म्हणजे विलिस. आपल्याला जीपमुळे माहीत असलेलाच हा कारखाना. त्याची नाइट इंजिनाची गाडी १९३३ मध्ये बंद पडली आणि नावही विसरलं गेलं. एक फाटा उरतो. १९२७ मध्ये आलेली फाल्कन-नाइट ही विलिसच्याच गोतावळ्यातली छोटी सहा सिलिंडरवाली. तिला वेगळं काढायला बोअर पुरेसा नाही, शेजारी ठेवायला खात्रीचा स्लीव्ह हवा.

‘मॉडेल ७०’चा आतला सुटा स्लीव्ह कुणाकडे असेल तर चार मापं घ्यावीत : एकूण लांबी, वरच्या काठापासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत, वरच्या काठापासून पिनेच्या भोकाच्या मध्यापर्यंत, आणि भोकाचा व्यास (बुश असेल तर काढून). फोटो कानाच्या बाजूने सरळ समोरून, शेजारी पोलादी पट्टी ठेवून. आणि स्लीव्ह आडवा ठेवू नका, उभाच ठेवा; इतक्या पातळ भिंतीवर वरून वजन पडलं तर गोलाई जाते.