एंटर दाबला आणि गेटवे गेला

मागच्या उन्हाळ्यात रात्री साडेअकराला घरी बसून जत तालुक्यातल्या एका पंपहाऊसच्या गेटवेवर (तिथली यंत्रणा मोबाईल सिमवरून इंटरनेटला जोडणारा डबा) फायरवॉल, म्हणजे कुठलं कनेक्शन आत घ्यायचं त्याचे रूल, टाईट करत होतो. आत येणारं सगळं ड्रॉप करायचं असा रूल टाकला, पण चालू कनेक्शनची उत्तरं तेवढी येऊ देत ही ओळ राहिली, एंटर दाबला आणि स्क्रीन गपगार. अतिशहाणपणा म्हणजे रूल आधीच सेव्ह करून बसलो होतो, म्हणजे डबा बंद-चालू केला तरी तोच रूल परत येणार, नाहीतर पाणी सोडणाऱ्या अण्णांना "जरा एमसीबी पाडून परत उचला" म्हणालो असतो तरी भागलं असतं. सकाळी बस पकडून सांगलीहून जत, काम दोन मिनिटांचं, दिवस गेला.

तेव्हापासून सवय लावून घेतलीय, काहीही बदलायच्या आधी दहा मिनिटांचा टायमर लावतो जो जुने रूल आपोआप परत आणतो, आणि बदलानंतर नव्याने लॉगिन झालं तरच तो टायमर काढतो.

सुरुवातीला आम्ही हौसेने पब्लिक स्टॅटिक आयपीवालं सिम घेतलेलं, कुठूनही थेट लॉगिन करता येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर रूट, ॲडमिन, पाय (pi), उबुंटू असली ठरलेली युजरनेम टाकून जगभरातून लोक दार वाजवतायत आणि तो सगळा डेटा आपल्याच प्लॅनमधून जातोय! 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच साठेक फॅक्टरी पासवर्ड वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, तो काही फार मोठा जादूचा प्रयोग नव्हता.

साध्या सिमला कंपनीच्या नॅटमागचा (अनेक सिमना एकाच पब्लिक आयपीमागे ठेवणारी सोय) प्रायव्हेट आयपी मिळतो, बाहेरून आत येताच येत नाही, लोक याला कटकट म्हणतात पण मला आता तेच बरं वाटतं. गेटवेवर एकही पोर्ट उघडा नाही, तोच वायरगार्ड या व्हीपीएनने आमच्या सर्व्हरला टनेल, म्हणजे एन्क्रिप्टेड वाट, जोडतो. दर 25 सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवायला सांगायचं, नाहीतर नॅट त्याला विसरतो. त्याला दिवसाला दोनशे केबी लागतात, म्हणजे महिन्याला सहा एमबी, परवडतं.

सिमची चोरी हा वेगळाच ताप. 2011 मध्ये जोहान्सबर्गमध्ये चोरांनी ट्रॅफिक सिग्नलमधली सिम काढून फोनला लावली, शेकडो सिग्नल बंद आणि बिलं पालिकेच्या माथी. त्यामुळे व्हॉइस बंद करून घ्या आणि आयएमईआय लॉक मागा, म्हणजे सिम त्याच मोडेमच्या नंबरला बांधलेलं, दुसऱ्या डब्यात सिम चालताच कामा नये.

आणि अँटेना प्लीज लोखंडी डब्याच्या आत ठेवू नका! आमच्याकडे सीएसक्यू (मोडेम सांगतो तो सिग्नलचा आकडा, जास्त तेवढा चांगला) 7 यायचा म्हणजे उणे 99 डीबीएम, वायर लांबवून अँटेना छपरावर नेला तर 17. मोडेम हँग होणं निम्मं कमी झालं, उरलेल्यासाठी स्क्रिप्ट आहे, तीन पिंग (समोरचा सर्व्हर उत्तर देतो का ते बघणं) फेल गेले की मोडेम रीस्टार्ट, तरी नाही जमलं तर अख्खा गेटवे. फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी पिंग करा, कारण एकदा आमचाच सर्व्हर पडला होता आणि बिचारे सगळे गेटवे रात्रभर रीस्टार्ट होत बसले.

अण्णांना आता कुठल्याही कामासाठी फोन केला तरी पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, एमसीबी पाडू का?"