पाच व्होल्टच्या लाइनवरील शॉर्ट

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली अकरा वर्षे यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करते. मागच्या पावसाळ्यात एका लहान वर्कशॉपचे मालक त्यांच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथचे इनपुट-आउटपुट कार्ड घेऊन आले. कार्ड जोडले की सप्लाय बंद पडायचा आणि काढले की तोच सप्लाय व्यवस्थित पाच व्होल्ट द्यायचा, त्यामुळे दोष कार्डातच आहे हे उघड होते. नवे कार्ड यायला तीन आठवडे लागणार होते आणि त्यांच्याकडे लेथ एकच होता.

पाच व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांवर मीटरचे प्रोब टेकवताच त्याचा बझर वाजला, म्हणजे दोन्हींमध्ये शॉर्ट (नको असलेली थेट जोडणी) असल्याची खूण. नुसत्या बझरवर मी निर्णय घेत नाही, कारण पुष्कळ मीटरांमध्ये तो तीस-चाळीस ओहमांच्या खाली कुठेही वाजतो आणि काही प्रोसेसरांच्या निरोगी लाइनचा रोधही (करंटला होणारा अडथळा) तेवढा कमी असतो. ओहमच्या रेंजवर आकडा ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये हलत होता, आणि त्यातले ०.२ तर प्रोबच्या वायरींचेच होते. त्या लाइनवर चाळीसएक सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) समांतर जोडलेले होते, त्यामुळे एक बिघडला तरी सगळेच बिघडल्यासारखे दिसतात. कोणत्याही कपॅसिटरवर प्रोब ठेवला तरी तोच आकडा दिसत होता. माझ्याकडे आयटीआय करून शिकायला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, एकेक काढून बघू या का?" मी त्याला थांबवले. कार्ड जुने होते, आणि वारंवार उष्णता दिली की भाग जिथे सोल्डर केलेले असतात ते तांब्याचे पॅड उखडतात. मग एका दोषाचे चार दोष होतात.

मी बेंच सप्लायची (टेबलावरच्या, मर्यादा ठरवता येणाऱ्या सप्लायची) व्होल्टेज मर्यादा अर्धा व्होल्ट आणि करंट मर्यादा ५०० मिलिअँपिअर ठेवली आणि तो कार्डाच्या कनेक्टरला जोडला. अर्ध्या व्होल्टला आयसींच्या (चिपांच्या) आतले सिलिकॉनचे जोड वाहू लागत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळा करंट शॉर्टमधूनच जातो आणि बाकी भागांना धोकाही राहत नाही. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर घेतला. या रेंजवर त्याला ०.१ मिलिव्होल्टचा फरक दिसतो, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींतून करंट जवळजवळ जातच नसल्यामुळे त्यांचा रोध आड येत नाही. साधारण ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात, ट्रॅकच्या (कार्डावरच्या तांब्याच्या पट्टीच्या) रुंदीइतक्या प्रत्येक लांबीमागे अर्धा मिलिओहम रोध असतो. ओहमच्या रेंजला न दिसणारा हाच रोध आता वाट दाखवणार होता.

कनेक्टरजवळच्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर ९२ मिलिव्होल्ट मिळाले. पुढच्यावर ८८, नंतर ८३. मुलगा आकडे कार्डाच्या छायाचित्रावर लिहीत होता. मध्येच एका बाजूला वळलेल्या ट्रॅकवरच्या सहाही कपॅसिटरांवर ८३.१ हाच आकडा आला, तेव्हा त्याला वाटले की मीटर अडकला. मी त्याला शेतातल्या पाटाचे उदाहरण दिले: फुटलेल्या जागेकडे जाणाऱ्या पाण्यालाच उतार असतो, बंद फाट्यात पाणी थांबून सपाट राहते. त्या फाट्यातून करंट जात नव्हता, म्हणून तिथले सहाही कपॅसिटर न काढता बाद झाले. मुख्य ट्रॅकवर मात्र आकडा उतरत उतरत ७१.२ वर आला आणि त्यापुढे कार्डाच्या कडेपर्यंत तसाच राहिला.

७१.२ जिथे पहिल्यांदा दिसला तिथे एक आयसी आणि त्याला लागूनच १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर होता. संशय सहसा आयसीवर जातो, आणि तो आयसी बाजारात सहज मिळणारा नव्हता. म्हणून मी कपॅसिटरच्या पॅडपासून आयसीच्या पायापर्यंतच्या ट्रॅकच्या तुकड्यावरच प्रोब ठेवले. मीटरने ०.० दाखवले. कनेक्टरच्या बाजूने त्याच पॅडकडे येणाऱ्या तेवढ्याच लांबीच्या तुकड्यावर मात्र १.४ मिलिव्होल्ट होते. करंट कपॅसिटरपर्यंत येत होता आणि पुढे आयसीकडे जात नव्हता. या दोन आकड्यांनी मला त्या दिवशी जेवढा आनंद दिला तेवढा पुढे कार्ड चालू झाल्यानेही दिला नाही.

कपॅसिटर वरून निर्दोष दिसत होता. काढून भिंगाखाली उलटा धरला तेव्हा एका टोकाच्या सोल्डरजवळ केसासारखी तिरकी चीर दिसली. लाइनचा रोध आता ३४० ओहम आला. नवा कपॅसिटर लावून पाच व्होल्ट दिले आणि कार्डाने सुरळीत करंट घेतला.

अशी चीर बहुधा कार्ड वाकल्याने पडते, आणि हा कपॅसिटर स्क्रूच्या भोकापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर होता. म्हणून दुसऱ्या दिवशी कार्ड बसवायला मी स्वतः गेले. पॅनेलमधल्या चार स्टँडऑफवर (कार्ड ज्यांवर टेकते त्या खुंट्यांवर) स्टीलची पट्टी ठेवून पाहिली, तर त्याच कोपऱ्यातला स्टँडऑफ सुमारे एक मिलिमीटर बुटका होता. स्क्रू आवळला की कार्डाचा कोपरा दरवेळी खाली ओढला जात असणार. त्याखाली नायलॉनचे वॉशर घालून उंची जुळवली, चारही स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळले आणि मगच मालकांना मुख्य स्विच टाकायला सांगितले.