तुम्ही विचारलंत म्हणून: धाप लागली की व्यायाम थांबवायचा का?

फिजिओथेरपिस्ट म्हणून ज्येष्ठ मंडळींकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तो आधीही विचारला जायचा, पण २०२० नंतर त्यात भीती मिसळली. कोविडच्या काळात सगळीकडून एकच सांगणं होतं: दम लागतोय का, श्वास अपुरा पडतोय का, लक्ष ठेवा. ते योग्यच होतं. पण त्याच माणसांना आपण ‘घरातल्या घरात व्यायाम करा’ असंही सांगत होतो. व्यायाम म्हटला की थोडा दम लागणारच. मग सत्तरीतल्या माणसाने यातलं काय खरं मानायचं?

माझं उत्तर असं: साधी धाप लागली म्हणून व्यायाम सोडू नका. मात्र साधी धाप कोणती, हे तुम्हाला ओळखता यायला हवं.

त्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर एक निवृत्त शिक्षिका माझ्यासमोर जागच्या जागी पावलं उचलत होत्या. मिनिटभरात थांबल्या आणि ऑक्सिमीटर बोटाला लावलं. आकडा चांगला होता. पुन्हा चार पावलं, पुन्हा ऑक्सिमीटर. “आकडा ठीक आहे हो, पण छाती धडधडतेय. म्हणजे काहीतरी असणारच ना?” या बाई स्वतःच्या रक्ताचे रिपोर्ट स्वतः वाचायच्या, औषधांच्या वेळा पाळायच्या. शिक्षण कमी पडत नव्हतं. आपल्या शरीरात घडतंय त्याचा अर्थ कसा लावायचा, एवढंच त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. आरोग्याची समज म्हणतात ती हीच, आणि ती देण्याची जबाबदारी आधी आमची, मग तुमची.

तर ओळखायचं कसं? बोलून बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणायला श्वास पुरत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम जोराचा आणि अगदी हवा तसा चाललाय. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. व्यायामाची धाप थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. बसल्या जागी दम लागणं, काल सहज केलेल्या कामाला आज धाप लागणं, छातीत दुखणं किंवा दाब वाटणं, घेरी येणं ही लक्षणं वेगळी. तिथे व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. अंगात ताप असेल तेव्हाही व्यायाम नको, विश्रांतीच घ्या.

मी एवढी मागे लागते, कारण नुसतं बसून राहणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं स्नायूंचं वजन सरासरी जवळजवळ १ किलोने घटलं. घरात कोंडून घेतलेला माणूस दिवसभर अंथरुणात नसतो हे खरं, पण त्याचे दिवस १० नव्हते, महिने होते. नंतर भेटलेल्या कितीतरी जणांना आजार झालाच नव्हता, तरी जिना चढायला कठड्याचा आधार लागत होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचा, असं म्हटलंय. १५० हा आकडा ऐकूनच बरेच जण हाय खातात. पण सलग १० मिनिटं तरी करायलाच हवीत ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. फोनवर बोलताना खोलीत मारलेल्या फेऱ्याही मोजायच्या.

ताकदीसाठी खुर्ची पुरे. हाताची, न हलणारी, भिंतीला टेकवलेली. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाका आणि उठा. बसताना धपकन पडू नका, हळूहळू टेका. खरी मेहनत त्या टेकण्यातच असते. सुरुवातीला खुर्चीचे हात धरलेत तरी चालेल. तोलाचा सराव भक्कम ओट्याजवळ उभं राहून करा, आधार हाताशी हवा.

‘झेपेल तेवढं करा’ हा सल्ला मला मुळीच आवडत नाही. घाबरलेल्या माणसाला काहीच झेपत नाही आणि उत्साही माणसाला सगळंच झेपतं. कुणी तुम्हाला असं सांगितलं, तर किती वेळा, आठवड्यातून किती दिवस आणि काय झालं की थांबायचं, हे तिथल्या तिथे विचारा. मग तुम्हाला समजलं तसं त्यांना परत सांगून दाखवा. संकोच करू नका, सांगणाऱ्याचं कुठे अर्धवट राहिलंय तेही त्यातून कळतं.

आणि रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी तुम्ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असाल, तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावरून व्यायामाचा जोर ठरवू नका. या गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळे दमलात तरी आकडा कमीच दिसतो. तुमच्यासाठी बोलून बघण्याची खूणच जास्त भरवशाची.