हनुवटीखालचं ओझं

लातूरच्या मोंढ्यात उभा जन्म हमाली केलेले मामा माझ्याकडे आले ते नाकात नळी घेऊनच. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मेंदूस्तंभात आला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण गिळणं गेलं. लाळसुद्धा आत जात नव्हती. टॉवेल सतत तोंडाशी. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाला चमचाभर पाणी पेलवेना.

मी स्पीच थेरपिस्ट. गिळायला शिकवणं हेही आमचंच काम, हे पेशंटच्या घरच्यांना बहुतेक वेळा इथे आल्यावरच कळतं.

सुरुवातीलाच माझी एक चूक झाली. ‘तोंडानं काही देऊ नका’ एवढंच मामींना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. चार दिवस त्यांनी कळ काढली, पाचव्या दिवशी चमच्यानं चहा पाजला. “ठसका लागला असता तर थांबले असते की वो ताई. जिभेला चवच न्हाई म्हणून जीव तुटायला होता.” पण घशातली जाणीव गेली की घोट श्वासनळीत उतरतो आणि माणूस खोकतही नाही. मामांना न्यूमोनिया झाला. ते आठ दिवस मला आजही सलतात.

बरे झाल्यावर बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, पाजून एक्स-रेखाली गिळणं पाहिलं. गिळताना कंठाजवळचं घोड्याच्या नालेसारखं हाड वर आणि पुढे सरकतं, त्या ओढीनं अन्ननलिकेचं तोंड उघडतं. मामांचं हाड जेमतेम हललं. बेरियम दारापाशीच साचलं आणि थोडं श्वासनळीकडे घसरलं.

हे हाड ओढणारे स्नायू हनुवटीखाली असतात. त्यांच्यासाठी डॉ. रेझा शेकर यांनी १९९७ साली मांडलेला व्यायाम आहे : उताणं झोपून, खांदे न उचलता, फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची. पण ओझ्यानं मामांच्या मानेचे मणके झिजलेले. डॉक्टरांनी तो नको म्हटलं. मग बसून करायचा पर्याय निवडला. गंजगोलाईच्या बाजारातून साधारण १२ सेंटिमीटरचा, हवा भरलेला रबरी बॉल आणायला लावला. तो हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरून हनुवटीनं दाबायचा. ६० सेकंद दाबून धरायचं, ६० सेकंद विश्रांती, असं ३ वेळा; मग सलग ३० वेळा दाबायचं-सोडायचं. दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे.

मुलाला हे पटेना. “आजारी माणसाला आराम द्यायचा की जोर काढायला लावायचा?” उत्तर मामांनीच दिलं, घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत : “रिकाम्या पोत्यानं पाठ तयार हुते का रं?”

पहिल्या दिवशी बारा सेकंदांत मान थरथरली. मोजायचं काम मामींनी घेतलं. मोंढ्यात माप मोजतात तसं, ‘एक’ न म्हणता ‘लाभ’पासून. लाभ, दोन, तीन... त्या खोलीत दुसरा आवाज नसायचा. चौथ्या आठवड्यात मिनिट भरलं, टॉवेल कोरडा राहू लागला. सगळ्यांचं असं होत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी काही कबूल करत नव्हते.

सहा आठवड्यांनी पुन्हा बेरियम. पडद्यावर हाड उचललं गेलं, पुढे आलं आणि काळी धार एका झटक्यात खाली गेली. श्वासनळी स्वच्छ. मी तंत्रज्ञाला तोच तुकडा तीनदा लावायला सांगितला.

दुपारी मामींनी ज्वारीची दाट आंबील आणली. मीठ घातलेली, गाळलेली, गुठळी नसलेली. मामांना ताठ बसवलं. पाव चमचा. कंठमणी वर गेला, खाली आला. “आ म्हणा मामा.” आवाजात घरघर नव्हती. माझी बोटं अजून त्यांच्या गळ्यावरच होती. मामी म्हणाल्या, “लाभ.” आणि पदरानं डोळे न पुसताच दुसरा चमचा भरला.

चौदाव्या चमच्याला कंठमणी अर्ध्यावरच अडला, तिथे मी थांबवलं. स्नायू थकले होते. मामांनी वाटीकडे बघितलं, पण हट्ट केला नाही. पोटाला पुरेल इतकं तोंडानं जाईपर्यंत नळी ठेवावीच लागणार होती. जाताना मामींनी बॉल पिशवीत घातला आणि विचारलं, “आता याच्यात हवा जास्त भरायची का?”