सोलापुरात पाऊस तो किती!

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्याकडे कॅरव्हॅन आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. सात रस्त्यावर गाठ पडली तरी तेच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तरी तेच: "मालक, सोलापुरात पाऊस तो किती? आणि तुम्ही दर उन्हाळ्यात त्या कॅरव्हॅनच्या टपावर चढून काय चिकटवत बसता?"

अहो, पाऊस नुसती चुगली करतो. बिघडवतं ते ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, टपाचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो आणि पहाटे निवतो. ॲल्युमिनियमचा ४ मीटर पत्रा ४० अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटरच्या वर लांबतो. खालची लाकडी फ्रेम मात्र जागची फारशी हलत नाही. या दोघांच्या ओढाताणीत खिडकीच्या, झरोक्याच्या कडेचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा लेप, रोज ताणलं जातं, कडक होतं आणि एक दिवस केसाएवढं सुटतं. आपला खरा पाऊस सप्टेंबरात. तोवर भेग तयार असते.

"मग एकदाच सिलिकॉन मारून मोकळे व्हा की," असं सांगणाऱ्यांसाठी पुढचं.

तेच केलं होतं. एका कारागिराकडून. तुळजापूरहून परत येताना आभाळ स्वच्छ होतं, पाऊस उघडून दोन दिवस झालेले. घाट उतरून चहाला थांबलो, मागची कॅरव्हॅन उघडली, तर पुढच्या कोपऱ्यातली आईची गादी आणि चादर चिंब. आई म्हणाली, "नळ उघडा ठेवलास का रे?" नळ बंद होता. टाकी कोरडी होती. मी आधी तिच्यावरच खेकसलो, तेही लिहूनच टाकतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडे बाजूची खिडकी काढली. बाहेरून सिलिकॉनची रेघ इतकी सुबक की तिच्यावर बोट फिरवत राहावंसं वाटावं. आत प्लाय काळा पडलेला, स्क्रू गंजून निम्मे. मी अंगठा टेकवला तर तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला, ओल्या भाकरीत जावा तसा. खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती एकेक करून भरलेली होती. वरच्या भेगेतून शिरलेलं पाणी भिंतीत साठलं आणि घाटाच्या उतारावर पुढे धावलं.

कारागिराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मालक, भोकं दिसली, बुजवून टाकली की ओ."

काय बोलणार? त्याचा राग मला अजून धड येत नाही. भोक दिसलं की बुजवायचं, हे मलाही तेव्हा बरोबरच वाटलं असतं.

म्हणून आता स्वतः करतो. आणि सगळं दरवर्षी उकरत नाही, हेही ऐकून घ्या, सुटलंय तेवढंच. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं पूर्ण खरवडायचं, कारण त्याच्या अंशावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. मग अल्कोहोलनं पुसायचं, चौकटीच्या मागे ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावायची, स्क्रू हातानं आवळायचे. टेप दबून बाहेर येते. दुसऱ्या दिवशी परत आवळून ती कापायची. सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी लावायचं, खालची कड मोकळी. टपावर आपोआप पसरणारं, भिंतीवर न ओघळणारं. हे सकाळी सावलीत. तापल्या पत्र्यावर सीलंट धड बसायच्या आत त्याला साय धरते.

बायकोचं म्हणणं वेगळं. चांगली बसलेली खिडकी संशयानं उचकटली की तिथूनच गळायला लागतं, असं ती म्हणते. तसं एकदा झालंही आहे, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. पण नुसतं बाहेरून बघून कळलं असतं, तर ती सुबक रेघ पाहून मी कशाला फसलो असतो? यावर ती म्हणते, मग काय दर वर्षी सगळी गाडी सोलणार का?

यंदा मागच्या खिडकीला हात लावायचा नाही असं ठरलंय. फक्त तिच्या खालच्या स्क्रूपाशी गंजाचा एक ओघळ दिसतोय. तो जुना आहे असं ती म्हणते.